उडता येत होतं, ते कुठे गेलं?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय ऐकून तुमच्यातले काही जण रेडिओचं बटण फिरवतील अशी मला धास्ती आहे. विषय आहे संगणकावरच्या एका खेळाचा पुढचा भाग. हा भाग मी बोलतो आहे तोवर तरी आलेला नाही. तरीही त्यात काय असावं, जुन्या भागांतलं काय परत आणावं आणि काय तिथेच पुरून टाकावं, यावर जगभरातले खेळणारे गेली कित्येक वर्षं हिरिरीने भांडताहेत. ज्यांच्या घरात पंधरापासून पन्नाशीपर्यंतचं कुणी रात्री उशिरापर्यंत पडद्यासमोर बसलेलं असतं, त्यांनी तरी थोडा वेळ थांबावं. ते माणूस तिथे नेमकं काय करतं याचा अंदाज येईल.

खेळाचं नाव 'द एल्डर स्क्रोल्स'. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातली बेथेस्डा नावाची कंपनी तो करते. अशा खेळांना 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. आपण एक पात्र घ्यायचं, त्याला नाव द्यायचं, रूप द्यायचं, आणि मग एका मोठ्या कल्पित देशात त्याला सोडून द्यायचं. पुढे त्याने योद्धा व्हावं, चोर व्हावं, जादूगार व्हावं, की रानात औषधी पाला गोळा करत हिंडावं, हे आपण ठरवायचं. पहिला भाग 'अरीना' १९९४ साली आला, दुसरा 'डॅगरफॉल' १९९६ साली. तिसरा 'मॉरोविंड' २००२ साली, चौथा 'ऑब्लिव्हियन' २००६ साली आणि पाचवा 'स्कायरिम' ११ नोव्हेंबर २०११ रोजी. स्कायरिमच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्याचं २०२३ साली सांगण्यात आलं. सहाव्या भागाची घोषणा झाली जून २०१८ मध्ये. दाखवलं काय, तर डोंगर, किनारा, थोडं संगीत आणि नाव. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाच्या आसपास. त्या अर्ध्या मिनिटावर चाहत्यांनी किती रात्री जागवल्या असतील, याची मोजदाद नको.

मी या वाड्यात शिरलो तो मॉरोविंडच्या दारातून. माझी भाची आली स्कायरिमच्या दारातून. त्यामुळे आमच्या घरात हा वाद चहाच्या कपाबरोबर चालतो. "मामा, तुझ्या त्या खेळात माणसं बोलत नाहीत, तलवार लागलेली दिसते तरी लागत नाही, आणि रस्ता सापडत नाही," असं ती म्हणते. तिन्ही आरोप खरे आहेत. तरीही मी माझी यादी सोडत नाही.

आता यादी म्हणजे काय? साध्या आकड्यांपासून सुरू करतो. डॅगरफॉलमध्ये पस्तीस कौशल्यं होती. त्यात भिंत चढण्याचं कौशल्य होतं आणि चक्क भाषा होत्या. राक्षसांची भाषा, पऱ्यांची भाषा, ड्रॅगनची भाषा. ती येत असेल तर समोरचा प्राणी कधीकधी हल्ला न करता आपल्याला जाऊ देत असे. मॉरोविंडमध्ये कौशल्यं सत्तावीस झाली, ऑब्लिव्हियनमध्ये एकवीस, स्कायरिममध्ये अठरा. मॉरोविंडमध्ये भाले होते, फेकायची हत्यारं होती. पुढच्या भागात ती गेली. तिथे डाव्या खांद्याचं चिलखत वेगळं, उजव्या खांद्याचं वेगळं. पुढे खांदे छातीला चिकटले, आणि स्कायरिममध्ये छातीला पायही चिकटले. शक्ती, बुद्धी, चपळाई, नशीब असे आठ मूळ गुण होते, तेही स्कायरिममध्ये काढून टाकले. संसार आवरताना एकेक भांडं मोडीत जावं तसं हे चाललं आहे, अशी जुन्या मंडळींची तक्रार.

या तक्रारीतला बराचसा भाग मी सोडून द्यायला तयार आहे. खांद्याचं चिलखत एक असो की दोन, त्याने माझी झोप उडत नाही. भाला हवा होता, पण तोही असो. एक गोष्ट मात्र मनातून जात नाही, ती म्हणजे उडणं.

मॉरोविंडमध्ये उडता येत होतं. मंत्र शिकलात, किंवा तो गुण असलेलं औषध प्यायलात, की पाय जमिनीवरून सुटायचे आणि तुम्ही हवेत सावकाश चालू लागायचात. ही नुसती गंमत नव्हती. त्या देशात टेल्व्हानी नावाचं जादूगारांचं एक घराणं आहे. हे लोक मोठाल्या अळंब्यांच्या बुंध्यांत राहतात, आणि त्यांच्या मनोऱ्यांत वरच्या मजल्यावर जायला जिनाच नाही. ज्याला उडता येत नाही त्याच्याशी बोलायचं कशाला, असा त्यांचा रोख. एका वास्तूच्या रचनेतून एका जमातीचा सगळा गर्व कळावा, तोही कुणी तोंडाने न सांगता, हे मला फार आवडलं होतं.

आणि त्याच खेळात सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. पहिल्या गावातून बाहेर पडून थोडं चालावं, तर वरून किंकाळी ऐकू येते आणि एक जादूगार आकाशातून धपकन आपल्यासमोर पडून मरतो. त्याच्याजवळ तीन गुंडाळ्या सापडतात. मंत्र वाचला की उडी मारण्याची ताकद एक हजार अंशांनी वाढते, पण सात सेकंदांसाठी. आपण उत्साहाने वाचतो, उडी मारतो, ढगांत जातो, खाली सगळं बेट लहान लहान होत जातं, आणि मग लक्षात येतं की जमिनीवर टेकायच्या आत मंत्राची मुदत संपणार. जादूगार का पडला ते तेव्हा कळतं. यावर उपाय आहे. तीन गुंडाळ्यांपैकी एक उतरण्यासाठी राखून ठेवायची. हे खेळ आपल्याला सांगत नाही. बहुतेक जण मेल्यावर शिकतात.

ऑब्लिव्हियनमध्ये उडणं बंद झालं. खेळाच्या कथेत त्याला कारण दिलं गेलं की उडण्यावर कायद्याने बंदी आली. सरकारी उत्तर म्हणून हे छानच आहे. खरं कारण गवंडीकामाचं. मॉरोविंडमधली गावं मोकळ्या जमिनीवर वसलेली होती, रानातून चालत सरळ गावात जाता येई. ऑब्लिव्हियनच्या वेळी शहरं तपशिलांनी इतकी भरली की तेव्हाच्या यंत्रांना रान आणि शहर एकाच वेळी पेलेना. म्हणून तटबंदीच्या आतलं शहर वेगळं ठेवलं. वेशीचं दार उघडलं की क्षणभर थांबायचं, मग आतलं शहर उघडायचं. बाहेरून दिसतात ती शहराची नुसती टरफलं. आता अशा तटावरून कुणी उडत आत गेलं तर खाली काय दिसेल? म्हणून उडणाऱ्याचेच पंख कापले. स्कायरिममध्येही मोठी शहरं अशीच बंद आहेत.

हे सांगण्याचा हेतू असा की अशा खेळातून एखादी गोष्ट जाते ती बहुधा कुणाला नकोशी झाली म्हणून जात नाही. दुसरं काही हवंसं झालेलं असतं आणि त्याला जागा करून द्यावी लागते. सुंदर शहर हवं होतं, आकाश गेलं. ज्यांना उडणं परत हवं आहे ते खरं म्हणजे सलग, न तुटलेली जमीन मागताहेत.

दुसरी गोष्ट रस्त्याची. ही माझ्या दृष्टीने त्याहूनही मोठी.

मॉरोविंडमध्ये काम सांगणारा माणूस पत्ता तोंडी सांगतो. पूल ओलांडा, नदीच्या कडेने उत्तरेला जा, दोन टेकड्यांच्या मधून वाट फुटते, तिथे डावीकडे, मग एक पडका दरवाजा दिसेल. आपण खेड्यात पत्ता विचारल्यावर मिळतो तस्साच. वहीत त्याची नोंद होते. मग आपण निघायचं आणि डोळे उघडे ठेवून चालायचं. नकाशावर बाण नाही. कधीकधी सांगणाऱ्याचीच दिशा चुकलेली असते, म्हणजे खेळ करणाऱ्यांचीच. आणि मग तासभर डोंगर पालथा घालायचा. खेळाच्या सुरुवातीच्या भागात एका प्राचीन भग्न वास्तूतून एक लहानशी पेटी आणायची असते. ती पेटी फळीवर इतकी साधी पडलेली असते की लोकांनी तिच्यापायी अख्ख्या रात्री घालवल्या आहेत. त्या पेटीचं नाव काढलं की आजही जुने खेळणारे कपाळावर हात मारतात, आणि दुसऱ्या क्षणी हसतात.

ऑब्लिव्हियनपासून पडद्यावर बाण आला. काम घेतलं की कुठे जायचं, कुणाला भेटायचं, सगळं खुणेने दाखवलेलं. भाचीचं म्हणणं, "दिवसभर ऑफिसात डोकं शिणवून आल्यावर मी दरवाजा शोधत बसू का?" तिच्या जागी ती बरोबर आहे. बाण बंद करता येतो, हेही ती सांगते. पण तिथेच तर मेख आहे. बाण बंद केला तर स्कायरिममधली बरीचशी कामं करताच येत नाहीत, कारण कुठे जायचं हे कुणी बोललेलंच नसतं. अमुक गुहेतून अमुक वस्तू आण, एवढंच. गुहा कुठे आहे हे बाणाला माहीत, माणसाला नाही.

असं का झालं? आवाजामुळे. मॉरोविंडमधला बहुतेक संवाद वाचायचा होता. त्यात आणखी चार ओळी घालायच्या तर लेखकाने टंकायच्या, झालं. ऑब्लिव्हियनमध्ये प्रत्येक वाक्य कलाकारांनी बोललेलं आहे. म्हाताऱ्या सम्राटाला पॅट्रिक स्टुअर्ट यांचा आवाज, त्याच्या मुलाला शॉन बीन यांचा. ऐकायला बहार येते. पण बोललेलं वाक्य महाग असतं, आणि एकदा ध्वनिमुद्रण झालं की टेकडी इकडची तिकडे करता येत नाही. केली तर कलाकाराला पुन्हा बोलवा. मग सविस्तर पत्ता सांगणं परवडत नाही. बाण स्वस्त पडतो. खेळातल्या माणसांना वाचा फुटली आणि त्यांचं बोलणं कमी झालं, असा हा उफराटा प्रकार.

पुढच्या भागासाठी माझी पहिली मागणी त्यामुळे बाण काढण्याची नाही. बाण राहू द्या, पण त्याच्या शेजारी पत्ताही असू द्या, वहीत लिहिलेला का होईना. हे अशक्य नाही. दुसऱ्या एका कंपनीच्या 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' या २०१८ च्या खेळात अशी सोय होती. सुरुवातीलाच विचारत, खूण हवी की वर्णन? वर्णन म्हणालात तर अमुक प्रांतात, तमुक डोंगराच्या पश्चिमेला, एवढंच कळे.

याला इतकं महत्त्व का, असं कुणी विचारेल. बाण पाहून चाललेला माणूस बाणाकडे बघत चालतो. पत्ता ऐकून निघालेला माणूस डोंगराकडे, पुलाकडे, झाडाकडे बघत चालतो. मॉरोविंडचं बेट मी पंधरा-सोळा वर्षांत पुन्हा उघडलेलं नाही, पण बाल्मोरा गावाहून वाट कशी जाते ते आजही कागदावर काढून दाखवीन. स्कायरिम कितीतरी सुंदर आहे. तिथली वाट मला आठवत नाही, देखावे आठवतात.

तिथे दूरच्या प्रवासाचीही गंमत होती. नकाशावर बोट ठेवलं की पोहोचलात, असं नव्हतं. गावाबाहेर धक्क्यावर एक प्रचंड लांब पायांचा किडा उभा असे, त्याच्या पोकळ केलेल्या पाठीत बसायचं, आणि गाडीवान त्याच्या उघड्या मज्जातंतूंना हात लावून त्याला चालवी. वर्णन किळसवाणं वाटेल, पण एसटीच्या स्टँडसारखंच ते चाले. या गावाहून त्या गावाला गाडी आहे, पलीकडच्या गावाला नाही, तिथे बदलावी लागेल, पुढे होडी. जादूगारांच्या संघात पैसे भरले की ते एका शहरातून दुसऱ्या शहरात पाठवत. शिवाय एक मंत्र जागेची खूण करायचा आणि दुसरा त्या खुणेपाशी परत आणायचा. या सगळ्यांची सांगड घालून कमीत कमी चालून पोहोचायचं, यातच एक निराळा खेळ होता. हे परत यावं असं म्हणणारे पुष्कळ आहेत, मीही त्यांत आहे.

मंत्र घडवण्याबद्दल थोडक्यात सांगतो. स्कायरिमच्या आधीच्या भागांत स्वतःचा मंत्र स्वतः जुळवता येई. आगीचा एवढा भाग, एवढ्या अंतरापर्यंत, इतक्या सेकंदांसाठी, आणि त्यावर हवं तर आणखी एक गुण. लोकांनी त्यातून असे काही मंत्र तयार केले की खेळच मोडून पडे. स्कायरिममध्ये ते बंद करून तयार मंत्र दिले. ते दिसायला झकास, दोन्ही हातांत दोन धरता येतात. पण तयार कपडे आणि शिंप्याकडून शिवून घेतलेले कपडे, यांतला फरक ज्याला कळतो त्याला जास्त सांगायला नको. खेळ मोडला तर मोडू द्या. एकट्याने खेळायचा खेळ आहे, दुसऱ्या कुणाचं काही बिघडत नाही.

मोडण्यावरून आणखी एक आठवलं. मॉरोविंडमध्ये तुम्ही कुणालाही मारू शकत होता. ज्याच्यावाचून मुख्य कथा पुढे जाणार नाही अशा माणसालाही. मग पडद्यावर एक गंभीर सूचना यायची, की भविष्यवाणीचा धागा तुटला. मागे जाऊन पुन्हा खेळा, नाहीतर या शापित जगात तसेच राहा. पुढच्या भागांत महत्त्वाची माणसं मरतच नाहीत. तलवारीचे कितीही वार करा, गुडघ्यावर बसतात किंवा बेशुद्ध पडतात, आणि थोड्या वेळाने उठून, काही झालंच नाही अशा थाटात, दाळमीठाच्या गप्पा सुरू. मला कुणालाही मारायची हौस नाही. पण जिथे चुकीची किंमत मोजावी लागत नाही तिथे न मारण्यातही काही विशेष उरत नाही.

आता मी नुसता जुन्याचा भाट नाही, हे दाखवायला हवं. मॉरोविंडमधली लढाई परत आली तर मी स्वतः तक्रारीचं पत्र लिहीन. तलवार डोळ्यांदेखत शत्रूच्या छातीतून जाते आणि आतल्या आत फासे पडून ठरतं की वार चुकला. फाशांवर बसून खेळायच्या खेळात हे ठीक असतं, डोळ्यांसमोर पाहताना नाही. आणि तिथले ते उडणारे प्राणी, क्लिफ रेसर. चार पावलं चाललं की एक मागे लागलाच. लोक त्यांच्यावर इतके वैतागले की खेळ करणाऱ्यांनी पुढच्या भागात अफवा पेरली: जिउब नावाच्या एका माणसाने सगळ्या बेटावरून हे प्राणी हाकलून लावले आणि त्याला संतपद मिळालं. हा जिउब म्हणजे मॉरोविंडच्या पहिल्याच दृश्यात जहाजावर आपल्याला उठवणारा कैदी. पुढे स्कायरिमच्या एका पुरवणीत तो प्रत्यक्ष भेटतो. चाहत्यांची तक्रार कथेत मुरवून घेण्याचा याहून देखणा नमुना मला माहीत नाही.

ऑब्लिव्हियनमधून काय घ्यावं? लेखन. त्यातल्या गुप्त मारेकऱ्यांच्या संघाची आणि चोरांच्या संघाची कामं अजून लोक एकमेकांना सांगतात. एका हवेलीत पाच पाहुणे कोंडलेले असतात, घरात खजिना दडवला आहे असं त्यांना सांगितलेलं असतं, आणि सहावे आपण. एकेकाचा काटा काढायचा, उरलेल्यांशी गप्पा मारत, त्यांचे एकमेकांवरचे संशय ऐकत. दुसऱ्या एका कामात हरवलेल्या चित्रकाराला शोधत आपण त्याच्याच चित्रात शिरतो. आतलं रान रंगाच्या फटकाऱ्यांचं. अशा कामांना अठरा कौशल्यं लागोत की पस्तीस, काही फरक पडत नाही. एका माणसाने बसून नीट विचार केलेला असावा लागतो. स्कायरिममध्ये यंत्राने जुळवून दिलेली कामं आली, न संपणारी. तू अमक्या गुहेत जा, तमक्या गुहेत जा. न संपणारं काम कुणाला हवं असतं? तेवढं ऑफिसात आहे.

आणि ऑब्लिव्हियनमधून काय घेऊ नये? आपण बलवान होऊ तसतसे सगळे शत्रूही बलवान होत जाणं. रस्त्यावर दोन पैशांसाठी अडवणारा भुरटा लुटारू शेवटी शेवटी राजाच्या खजिन्यात शोभेल असं चिलखत घालून उभा असे. ते विकलं असतं तर त्याच्या सात पिढ्या बसून खाल्ल्या असत्या. आणखी एक, घोड्याचं चिलखत. एप्रिल २००६ मध्ये कंपनीने घोड्यासाठी शोभेचं चिलखत अडीच डॉलरला वेगळं विकायला काढलं. तेव्हा लोक खवळले आणि हसलेही. हल्लीच्या खेळांत पाहिलं तर सगळा बाजारच घोड्याच्या चिलखतांचा झाला आहे.

भाचीच्या बाजूने बोलायचं तर स्कायरिमने एक गोष्ट अतिशय चांगली केली. सुरुवातीलाच 'तू योद्धा की जादूगार' असं विचारून अडकवून ठेवलं नाही. जे वापराल ते वाढेल. धनुष्य चालवाल तर धनुष्यात पारंगत व्हाल. वापरातून शिकण्याची ही पद्धत जुन्या भागांतली, पण तिच्यावरची शेवटची अट स्कायरिमने काढली. आणि जेरेमी सोल यांचं संगीत. मॉरोविंड, ऑब्लिव्हियन, स्कायरिम, तिन्हींचं त्यांनीच केलेलं. बर्फात संध्याकाळी एकटं चालताना ते सुरू होतं, तेव्हा भाची आणि मी दोघंही वाद विसरतो. खेळातली पुस्तकंही तशीच ठेवा. कपाटात शेकडो लहान पुस्तकं असतात, कथा, खोटे इतिहास, एकमेकांना खोडून काढणारे धर्मग्रंथ. सगळी उघडून वाचता येतात. खेळात इतकं वाचायला आहे आणि ते अधिकृतपणे ना मराठीत, ना हिंदीत. आपल्याकडचं पोर इंग्रजीचा डोंगर चढूनच तिथे पोहोचतं. कित्येकांची इंग्रजी तिथेच सुधारली हा भाग वेगळा. पण मागणी करायचीच आहे तर हीही करून ठेवतो.

आतापर्यंतच्या मागण्यांपैकी एकही मान्य झाली नाही तरी चालेल, पण एक व्हायलाच हवी. मॉरोविंडच्या तबकडीबरोबर कंपनीने एक अवजार दिलं होतं. ज्या अवजाराने त्यांनी खेळ बांधला, जवळपास तेच. त्याने कुणीही घर बांधावं, माणूस घडवावा, नवी कथा घालावी. याला 'मॉड' म्हणतात. उडणं काढलं? लोकांनी परत घातलं. बंद शहरं? लोकांनी तटबंदी उघडली. खेळातल्या शेकडो चुका कंपनीने सोडून दिल्या त्या हौशी माणसांनी फुकट दुरुस्त केल्या. 'टॅमरिएल रिबिल्ट' नावाचा एक गट तर मॉरोविंड बाजारात येण्याआधीपासून, २००१ पासून, त्या बेटापलीकडचा मुख्य भूभाग बांधतो आहे. दोन दशकं उलटली. काम सोडून गेलेल्यांची जागा दुसऱ्यांनी घेतली, सुरू झालं तेव्हा जन्मलेली नसतील अशी मुलंही आज तिथे दगड रचत असतील. आपल्याकडे देवळाचा कळस पूर्ण व्हायला पिढ्या लागत, तसं हे. पैसा नाही. २०१५ च्या एप्रिलमध्ये असे मॉड विकत देण्याचा प्रयोग झाला, तेव्हा एवढा गदारोळ उठला की काही दिवसांतच तो गुंडाळावा लागला. पुढे वेगळ्या नावांनी पैशांचा मार्ग आलाच. सहाव्या भागात हे अवजार मोकळेपणाने मिळेल का, की दुकानाच्या काउंटरमागे ठेवलेलं असेल, ही माझी खरी काळजी आहे. कंपनी आता मायक्रोसॉफ्टच्या मालकीची आहे, २०२१ पासून. हिशेब मोठे झाले आहेत.

जुनं परत आणताना काय ठेवायचं याची एक छोटी परीक्षा २०२५ मध्ये झाली. २२ एप्रिलला, आदल्या दिवशीपर्यंत अधिकृत शब्द न काढता, ऑब्लिव्हियनची नवी आवृत्ती जाहीर झाली आणि त्याच दिवशी विकायलाही आली. आत जुनं यंत्र, वर नवं रूप. त्यांनी धावण्याची सोय घातली, पात्राची वाढ होण्याची किचकट पद्धत सुधारली. पण माणसांचे विचित्र, तुटक संवाद तसेच ठेवले. मूळ खेळात एका पात्राच्या तोंडी कलाकाराचं 'थांबा, पुन्हा बोलते' असं वाक्य चुकून राहून गेलं होतं. तेही ठेवलं. एकोणीस वर्षं लोक ज्याला प्रेमाने हसत आले ते दुरुस्त केलं तर खेळ परका वाटेल, हे कुणाला तरी कळलं होतं. शहरं मात्र अजूनही दाराआड बंदच.

सगळ्यांच्या याद्या एकत्र केल्या तर खेळ होणार नाही, हे उघड आहे. एकाला बाण हवा, एकाला नको. एकाला मरणारी माणसं हवीत, दुसऱ्याला आपली लाडकी दुकानदारीण जिवंत हवी. यादीतली एकच मागणी अशी निघाली की तिच्यावर भांडण झालं नाही. शर्ली करी नावाच्या अमेरिकेतल्या एक आजी, जन्म १९३६ चा. त्या स्कायरिम खेळत आणि खेळतानाचं चित्रण लोकांना दाखवत. 'नातवंडांनो' अशी हाक मारून गोष्ट सांगत सांगत खेळायच्या, लांडग्याला मारताना त्याचीच समजूत घालायच्या. 'स्कायरिम आजी' हे नाव त्यांना पडलं. चाहत्यांनी मागणी केली की पुढच्या भागात या आजी पात्र म्हणून असाव्यात. हजारो सह्या झाल्या. २०१९ मध्ये कंपनीने होकार कळवला. सहाव्या भागातलं काय ठरलं आहे आणि काय नाही, हे कंपनी अजून फारसं बोललेली नाही. तिथे उडता येईल का, पत्ता कुणी सांगेल का, अवजार मिळेल का, ते येईल तेव्हा दिसेल. पण त्या देशात कुठल्याशा गावात एक म्हातारी असेल आणि तिच्याशी बोलता येईल, एवढं मात्र कळवलेलं आहे. भाची म्हणते, ती कुठे राहते हे बाणाने दाखवलं नाही तरी चालेल, मी शोधीन.